जुनी बोर्दो उघडली आणि बेचव निघाली? बेसिनमध्ये ओतण्याआधी हे तपासा

लक्षणं

पंधरा ते चाळीस वर्षं जुन्या फ्रेंच रेड वाइनबद्दल, मुख्यतः बोर्दोच्या वाइनबद्दल लिहितोय. बाटली वर्षानुवर्षं जपलेली असते, दिवस खास असतो, माणसं जमलेली असतात आणि पहिल्याच घोटाला यातलं काहीतरी होतं:

- वासच येत नाही. चव पातळ, तोंडात अर्ध्यावरच संपणारी. लोक हिला ‘मेलेली वाइन’ म्हणतात.
- वास येतो, पण कुबट. ओला पुठ्ठा, किंवा भर पावसाळ्यात चार दिवस न वाळलेला टॉवेल.
- बूच निघताच कुजक्या अंड्याचा किंवा नुकत्याच विझलेल्या काडीचा वास.
- हिरड्या आवळून धरणारा तुरटपणा, त्यावर कडवटपणा, आणि शेवटच्या पेल्यात चक्क चिखल.
- टोचणारा आंबटपणा आणि नेलपॉलिश रिमूव्हरसारखा दर्प.
- रंग विटकरी-तपकिरी, वास कापून तासभर ठेवलेल्या सफरचंदाचा.
- गोठा, घोड्याचं खोगीर, जखमेवर लावायची चिकटपट्टी.

पहिल्या चार तक्रारींपैकी कुबट वासाची सोडली तर बाकीच्या तीन बहुतेक वेळा दुरुस्त होतात. कुबट वास पेल्याचा नसून खरोखर वाइनचाच असेल तर ती बाटली वाचत नाही. शेवटच्या तिन्हींत फार काही हातात नसतं, पण पुढची बाटली वाचवता येते.

सोळा वर्षं मी बोर्दोत राहतोय. जुन्या बाटल्या गोळा करणं हा माझा छंद आहे. दर हिवाळ्यात आम्ही आठ-दहा जण आपापली एक बाटली घेऊन एका टेबलाशी बसतो. पुणे, नाशिक, लंडन, दुबई इथल्या मराठी मित्रांचे फोनही येतात आणि तक्रार जवळपास एकच असते: “एवढी महागाची बाटली, आणि लागते डबक्याच्या पाण्यासारखी. टाकून देऊ का?” माझं उत्तर ठरलेलं आहे. आज रात्री टाकू नका.

हे मी शिकलो ते १९८६च्या एका सँ-जुलियँच्या (बोर्दोकडचं वाइनचं गाव) बाटलीवर. उघडली, दहा मिनिटांत दोन घोट घेतले, कडू आणि मुकी वाटली, म्हणून सगळी बेसिनमध्ये ओतली. त्याच पेटीतली दुसरी बाटली माझ्या शेजाऱ्यांकडे होती. पोयाक गावच्या वाइन-तळघरांत त्यांचं सगळं आयुष्य गेलेलं. त्यांनी ती दुपारी उघडून थंड खोलीत ठेवली आणि रात्री मला हाक मारली. देवदाराचं लाकूड, काळ्या मनुका, तंबाखूचं कोरडं पान, असं सगळं त्या पेल्यात होतं. वाइन तीच, साल तेच, पेटीही तीच. त्या रात्रीपासून मी क्रम ठरवून तपासतो: फुकट आणि सोपं ते आधी, खर्चाचं आणि अवघड ते शेवटी.

१. पेला आणि खोली

पहिला संशय बाटलीवर नको, पेल्यावर घ्या. रिकामा पेला नाकाशी धरा. कपाटात उलटे ठेवलेले पेले आतली कोंदट हवा धरून ठेवतात. लाकडी कपाट असेल किंवा पेले पुठ्ठ्याच्या खोक्यात असतील तर वास थेट ओल्या पुठ्ठ्याचाच येतो आणि आपण बिचाऱ्या बुचाला दोष देतो. भांड्यांच्या साबणाचा पातळ थर राहिला असेल तरी जुन्या वाइनचा नाजूक गंध दबतो. पेला नुसत्या गरम पाण्यानं दोनदा विसळा, हवेवर वाळू द्या, मग चमचाभर वाइन आत फिरवून टाकून द्या आणि नव्यानं ओता. कुबट वाइनच्या किमान चार तक्रारी माझ्याकडे एवढ्यावरच मिटल्या आहेत.

मग खोली. आपल्या घरांत हा मुद्दा खरा आहे: हिंगाची फोडणी, तळण, उदबत्ती, धूप. तीस वर्षांच्या वाइनमध्ये ताज्या फळाचा जोर उरलेला नसतो. उरतात ते वाळलेली पानं, जंगलातली ओलसर माती, चामडं, भूछत्रं असे हळू आवाजातले गंध. शेजारच्या खोलीत लसणाची फोडणी बसली की ते ऐकूच येत नाहीत. पेला घेऊन गॅलरीत जा आणि तिथे वास घ्या. फरक पडला तर बाटली निर्दोष आहे.

जेवणाचंही तेच. तिखट रस्सा जिभेवर असताना टॅनिनचा (द्राक्षाच्या सालीबियांतून येणाऱ्या द्रव्याचा) तुरटपणा दुप्पट जाणवतो आणि अल्कोहोल जाळतं. मेदोकमध्ये, म्हणजे बोर्दोच्या ज्या भागात पोयाक येतं तिथे, जुन्या वाइनसोबत पोयाकचं कोवळं कोकरू साधंच भाजून देतात, मसाला जवळजवळ नसतोच. मटणाचा बेत असेल तर वाइन आधी, रस्सा नंतर.

२. तापमान

स्वयंपाकघरातला साधा थर्मामीटर पेल्यात बुडवा. जुन्या बोर्दोला १६ ते १८ अंश सेल्सिअस लागतं, बर्गंडी या दुसऱ्या फ्रेंच प्रदेशातल्या पिनो न्वार द्राक्षाच्या वाइनला १४ ते १६.

‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं. फ्रेंचमध्ये त्याला ‘शाँब्रे’ म्हणतात. तो शब्द घरोघरी हीटर येण्याआधीचा आहे, आणि तेव्हाची फ्रेंच खोली म्हणजे सोळा-सतरा अंश. एप्रिलमधल्या पुण्यातली खोली नव्हे. तीस अंशांच्या आसपास वाइन ढिली पडते, अल्कोहोल नाकात चढतं, बाकी सगळं विस्कटतं. उलट फ्रीजमधून थेट काढलेली जुनी रेड आठ-दहा अंशांना असते. गंध उडतच नाहीत आणि टॅनिन मात्र खडबडीत लागतं. म्हणजे ‘वास नाही आणि तुरट आहे’ या दोन तक्रारी एकत्र आल्या की आधी थर्मामीटर. गरम असेल तर बाटली पाणी आणि थोड्या बर्फाच्या बादलीत दहा मिनिटं उभी करा. गार असेल तर पेला तळहातांत धरा. दोन्हींना पैसे पडत नाहीत.

३. वेळ

सगळ्यात जास्त बाटल्या इथे वाचतात.

वीस-तीस वर्षं बुचाखाली जवळजवळ ऑक्सिजनविना राहिलेल्या वाइनमध्ये गंधकाची काही संयुगं साठतात. कुजक्या अंड्याचा, विझल्या काडीचा, कधी कोबी उकळल्यासारखा वास येतो तो त्यांचा. हा दोष पुष्कळदा हवेनं जातो. दुसरी गोष्ट म्हणजे काही वाइन ‘बंद’ असतात; फ्रेंच लोक ‘फेर्मे’ म्हणतात. काबर्ने सोव्हिन्यों हे द्राक्ष जास्त असलेल्या, नदीच्या डाव्या किनाऱ्याच्या वाइन (मेदोकमधलं पोयाक, सँ-एस्तेफ, सँ-जुलियँ) आणि उत्तर ऱ्होन खोऱ्यातली एर्मिताज यांच्यात हे फार दिसतं. मेर्लो द्राक्षावर उभ्या असलेल्या, उजव्या किनाऱ्याच्या पोमरोल आणि सँ-एमिलियाँच्या वाइन सहसा लवकर बोलू लागतात.

कसोटी अशी. दोन पेल्यांत तीन-तीन बोटं वाइन घ्या. एक पेला तसाच ठेवा, दुसरा जोरात फिरवत राहा. दहा मिनिटांनी, अर्ध्या तासानं, तासानं दोन्हींचा वास घ्या आणि कागदावर एकेक शब्द लिहा. कागद हवाच, कारण नाक आठवणीवर फसतं. फिरवलेला पेला सुधारत गेला तर उरलेली बाटली मोठ्या जगमध्ये ओता, तिला हवा हवी आहे. फिरवलेला पेला खालावला आणि तसाच ठेवलेला बरा राहिला तर वाइन थकलेली आहे: लगेच प्या, हवा देऊ नका. दोन्ही पेले सारखेच कुबट होत गेले तर थेट पाचव्या मुद्द्यावर जा.

जुन्या वाइनला हवा किती आणि कधी द्यायची यावर इथे टेबलाटेबलावर वाद होतात. बोर्दोचे मोठे वाइनतज्ज्ञ प्राध्यापक एमिल पेनो यांचं मत स्वच्छ होतं: साका (तळाशी बसलेला गाळ) असेल तरच वाइन दुसऱ्या भांड्यात काढा, आणि तीही वाढण्याच्या अगदी आधी, हवेनं वाइनचं भलं होण्यापेक्षा नुकसान होण्याची भीती जास्त. दुसऱ्या टोकाला पॅरिसचे संग्राहक फ्रांस्वा ओदूझ. ते अतिशय जुन्या बाटल्या जेवणाच्या चार-पाच तास आधी उघडतात, ओतत मात्र नाहीत. बाटली उघडी, उभी, थंड जागी. बाटलीच्या अरुंद तोंडातून हवा इतकी हळू शिरते की वाइनला धक्का बसत नाही.

मी स्वतः तिशीपुढच्या बाटलीला ओदूझ यांचा मार्ग धरतो आणि पंधरा-वीस वर्षांच्या घट्ट बोर्दोला जग वापरतो. जुन्या बर्गंडीला जग कधीच नाही. पिनो न्वारचं अंग मुळात पातळ. तासभर उघड्यावर ठेवलं तर उरलंसुरलंही उडून जातं. पेनो यांना मी फार मानतो, पण उघडल्यावर गंधकाचा दर्प देणारी बाटली मी त्यांच्या नियमानं वाढणार नाही.

गंधकाचा वास दोन तासांनीही हटला नाही तर एका पेल्यात स्वच्छ घासलेली तांब्याची वस्तू मिनिटभर फिरवून काढा. तांबं गंधकाच्या काही संयुगांना बांधून टाकतं. वास गेला तर निदान पक्कं झालं. हा पेला फक्त हुंगण्यासाठी. तो पिऊ नका आणि अख्ख्या बाटलीत तांबं टाकू नका.

४. साका

जुन्या रेड वाइनमध्ये साका बसतोच. रंगद्रव्यं आणि टॅनिन वर्षानुवर्षं एकमेकांना धरत जड होतात आणि खाली बसतात. सोबत टार्टरिक आम्लाच्या क्षारांचे काचेसारखे चमकणारे बारीक खडे असतात. पिऊन अपाय नाही. पण हा साका हलला आणि सगळ्या बाटलीत मिसळला तर तुरट, कडू, धुळीसारखी चव येते आणि गंधावर पडदा पडतो. ‘वाइन कडवट निघाली’ म्हणणाऱ्याला मी पहिला प्रश्न विचारतो: बाटली उघडण्याआधी किती वेळ उभी होती? उत्तर बहुतेकदा एकच असतं, “सकाळीच कपाटातून काढली.”

आडवी ठेवलेली बाटली किमान दोन दिवस उभी करा. चाळिशीतली असेल तर मी आठवडा देतो. विमानातून, गाडीतून आणलेली असेल तर महिनाभर हात लावू नका. मुंबईला आईवडिलांसाठी नेलेली बाटली पोहोचल्याच्या रात्री उघडण्याचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला होता. त्या रात्री आम्ही गाळच प्यालो. बाटलीत दोष काहीच नव्हता.

मग निथळणं. आपण ताक निवळल्यावर वरचं पाणी जसं हलक्या हातानं निथळतो, अगदी तसं. बाटलीच्या मानेवरचं सगळं आवरण काढा म्हणजे काचेतून दिसेल. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ही आवरणं शिशाची असत, म्हणून बूच काढण्याआधी आणि नंतरही बाटलीचं तोंड ओल्या फडक्यानं नीट पुसा. मानेखाली मेणबत्ती किंवा मोबाइलचा दिवा ठेवा आणि न थांबता, एकाच संथ धारेत ओता. थांबून बाटली सरळ केलीत की साका उलटा घुसळतो. बोर्दोच्या बाटलीला उंच खांदे असतात, साका तिथे अडतो. खांद्याशी काळा धागा सरकताना दिसला की हात थांबवा. दोन-तीन बोटं वाइन मागे राहील, राहू द्या. बर्गंडीची बाटली उतरत्या खांद्यांची. तिथे साका अडत नाही, म्हणून ती मी टोपलीत तिरकी ठेवून थेट पेल्यांत ओततो.

साका आधीच ढवळला गेला असेल तर? बूच परत लावा, बाटली थंड जागी तीन-चार तास उभी करा, पुन्हा निथळा. पाहुणे दारात असतील तर धुतलेल्या, साबणाचा वास नसलेल्या मलमलीतून गाळा. कॉफीचा कागद टाळा, त्याची स्वतःची चव उतरते.

५. कुबट वास: बुचाचा दोष

आता वाईट बातमीचा भाग. ओला पुठ्ठा, तळघरातली बुरशी, ओला टॉवेल हा वास ट्रायक्लोरोॲनिसोल या संयुगाचा, बोलीभाषेत ‘टीसीए’. क्लोरीनयुक्त द्रव्यांवर बुरशीनं काम केलं की ते तयार होतं. एका लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. आरोग्याला धोका नाही, पण वाइन संपली.

ओळखण्याची खूण: हवेनं हा वास कमी होत नाही, उलट वाढत जातो. पहिला वास सगळ्यात विश्वासाचा, कारण चार-पाच वेळा हुंगल्यावर नाक त्याला सरावतं. म्हणून शंका आली की दुसऱ्या माणसाला, काहीही न सांगता, ताजा पेला द्या. बुचाचा वास घेऊन निकाल देऊ नका: जुन्या बुचाच्या वरच्या टोकाला तळघराची बुरशी असणं अगदी साधं आहे, आणि आतली वाइन उत्तम असू शकते.

फसवणारा प्रकार म्हणजे सौम्य टीसीए. तिथे कुबट वास येतच नाही, फक्त सगळं मुकं होतं, कारण हे संयुग इतर गंध ओळखण्याची नाकाची ताकदच दाबतं. ‘वास नाही, चव अर्ध्यावर संपते’ ही तक्रार तीन तासांनीही तशीच असेल तर मी हे गृहीत धरतो. त्याच वाइनची दुसरी बाटली असेल तर शेजारी ठेवून पाहा, पाच सेकंदांत कळतं.

पॉलिथिनची पिशवी वाइनमध्ये बुडवायचा उपाय तुम्ही ऐकला असेल. पॉलिथिन टीसीए शोषतं, हे खरं. मी तीनदा करून पाहिलं. कुबट वास कमी झाला आणि सोबत बाकीचा गंधही गेला. वर्गात दाखवण्यापुरतं ठीक आहे, टेबलावर ठेवण्याजोगी वाइन त्यातून मिळाली नाही. ही वाइन स्वयंपाकातही घालू नका, वास पदार्थात उतरतो.

६. बाटलीचा भूतकाळ

पाचही तपासण्या झाल्या आणि वाइन तपकिरी, सफरचंदी, सपाट असेल तर हवा आत गेली आहे. कुठून, हे बाटली स्वतः सांगते.

पातळी बघा. बोर्दोच्या बाटलीत वीस वर्षांनी वाइन मानेच्या तळाशी असणं चांगलं लक्षण. तीस-चाळीस वर्षांनी खांद्याच्या वरच्या कडेशी असली तरी चालतं. खांद्याच्या मध्यावर आली की जोखीम, त्याखाली मी बाटली विकत घेत नाही, लेबल कोणाचंही असो. बर्गंडीला खांदे नसल्यानं बुचाखालची मोकळी जागा सेंटिमीटरमध्ये मोजतात.

मग बूच. बाटलीच्या तोंडावर उचललेलं, आवरणाखाली चिकट ओघळ, बुचाच्या कडेनं वरपर्यंत गेलेली लाल रेघ ही उष्णतेची खूण. वाइन तापली की प्रसरण पावते, बुचाला वर ढकलते. गार झाली की आकसते आणि बाहेरची हवा आत ओढते. एक उन्हाळा पुरतो. पुण्यातल्या एका मित्रानं १९९६ची पोयाक तीन वर्षं फ्रीजच्या वर ठेवली होती, जिथे फ्रीजची गरम हवा येते. उघडली तेव्हा बोर्दो मदेइरासारखी (मुद्दाम तापवून मुरवलेली पोर्तुगीज वाइन) लागत होती. त्याला बाटली विकणाऱ्याचा त्यात काही दोष नव्हता.

ठेवण्याचे आकडे सोपे आहेत: १२ ते १४ अंश, सुमारे सत्तर टक्के आर्द्रता, अंधार, कंप नाही, बाटली आडवी. त्यातही सावकाश ऋतुबदल वाइनला सोसतो. रोजचा चढउतार सोसत नाही. कमाल-किमान तापमान दाखवणारा थर्मामीटर तुमच्या कपाटात महिनाभर ठेवा. त्यावर २५च्या पुढचा आकडा दिसला तर जुन्या बाटल्या त्या कपाटात नकोत. वातानुकूलित वाइन-कपाट घेण्याआधी हा थर्मामीटर घ्या, कारण आधी दुखणं कळू दे.

७. मुळात ती वाइन टिकणारी होती का?

हे सांगायला जड जातं, पण बहुतेक बोर्दो वाइन तीस वर्षं ठेवण्यासाठी बनवलेलीच नसते. साधी बोर्दो पाच-सहा वर्षांत प्यावी. टिकते ती निवडक शातोंची (वाइन बनवणाऱ्या मळ्यांची), चांगल्या सालची. १८५५च्या पॅरिस प्रदर्शनासाठी केलेली मेदोकची वर्गवारी आजही लेबलावर दिसते (मूतों रोथशिल्ड हे शातो १९७३मध्ये पहिल्या श्रेणीत गेलं, तो एक मोठा बदल), पण श्रेणी म्हणजे अमरत्वाची हमी नाही. साल बघा. १९८२, १९९०, २००५, २०१०, २०१६ ही लांब पल्ल्याची. १९९१मध्ये एप्रिलच्या हिमकडाक्यानं कळ्याच जाळल्या. २०१३ हलकं. १९७५ आणि १९८६च्या डाव्या किनाऱ्याचं टॅनिन इतकं कडक की काही बाटल्यांत फळ आधी संपलं, तुरटपणा मागे राहिला. त्याला तुम्ही काही करू शकत नाही. आणि २०१० आज बंद लागली तर ती बिघडलेली नाही, तुम्ही घाई केली आहे. उरलेल्या बाटल्या परत ठेवा.

आकारही बघा. अर्धी बाटली लवकर म्हातारी होते, दीड लिटरची मॅग्नम सावकाश, कारण बुचातून येणारी हवा जवळपास तेवढीच आणि वाइन कमी-जास्त.

८. जंतूंचं काम

नेलपॉलिशचा दर्प म्हणजे ॲसिटिक आम्ल आणि इथाइल ॲसिटेट. गोठा-चिकटपट्टी म्हणजे ब्रेटॅनोमायसिस नावाचं यीस्ट. दोन्ही सहसा तळघरातच सुरू झालेले असतात. थोडं ब्रेट जुन्या ऱ्होनमध्ये पुष्कळांना आवडतं, मलाही. चिकटपट्टीचा वास सगळ्यावर बसला तर नाही. उपाय नाही. पुढे जा.

इथे थांबा, जाणत्याला बोलवा

बूच तुटायला लागलं तर. चाळीस वर्षांच्या बुचात साधा स्क्रू घालून ओढू नका. दोन पातळ पात्यांचा चिमटा असतो, इथे त्याला ‘बिलाम’ म्हणतात. पाती बुचाच्या दोन बाजूंनी आत सरकवून, फिरवत काढायचं. हात बसलेला नसेल आणि बाटली महाग असेल तर चांगल्या रेस्तराँच्या सोमलिएला (वाइन निवडून वाढणाऱ्या जाणकाराला) आधी फोन करून विचारा, पुष्कळ जण आनंदानं उघडून देतात. बूच आत पडलं तर घाबरू नका, गाळून घ्या. पण बाटलीच्या तोंडाची काच टवकली असेल तर एक थेंबही पिऊ नका. गाळूनही नाही.

वाइन-कपाट गार होत नसेल तर. जाळीवरची धूळ झटका, दाराचं रबर तपासा, बस्स. गॅस आणि कॉम्प्रेसर तंत्रज्ञाकडे. त्या दिवसापुरत्या बाटल्या घरातल्या सगळ्यात गार, अंधाऱ्या जागी, जमिनीलगत.

बाटलीच्या खरेपणाबद्दल शंका असेल तर ती उघडूच नका. आवरण खरवडू नका, लेबल पुसू नका, पुरावा जातो. २००८मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात बर्गंडीतल्या दोमेन पोंसो या वाइन-घराण्याच्या नावावर क्लो सँ-दनी मळ्याच्या १९४५ ते १९७१ सालच्या बाटल्या आल्या होत्या. ती वाइन त्या घराण्यानं १९८०च्या दशकाआधी केलीच नव्हती. त्या घराण्याचे लोराँ पोंसो स्वतः तिथे गेले आणि बाटल्या मागे घ्यायला लावल्या. त्या पुरवणारा रूडी कुर्नियावान २०१३मध्ये दोषी ठरला आणि पुढच्या वर्षी त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे अनुभवी गिऱ्हाईकही फसतात. अशा बाटलीचे फोटो (पातळी, आवरण, लेबल, तळाची काच) आणि खरेदीची पावती घेऊन लिलावगृहाच्या वाइनतज्ज्ञाकडे जा. विमा काढायचा किंवा वारसाहक्कात मिळालेला साठा विकायचा असला तरी तोच माणूस लागतो.

आणि एकाच पेटीतल्या दोन-तीन बाटल्यांत तोच दोष आला तर. बूच एखादंच खराब निघतं; लागोपाठ तीन बाटल्या कुबट निघाल्या तर संशय तळघरावर जातो. जुन्या काळी तुळयांना आणि लाकडी कपाटांना क्लोरीनयुक्त औषधं लावत, त्यातून अख्ख्या तळघराची हवा बिघडलेली असू शकते. हे नाकानं सिद्ध होत नाही. फ्रान्समध्ये जवळपास प्रत्येक द्राक्षप्रदेशात वाइन तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, तिथले इनोलॉग (वाइनशास्त्रज्ञ) टीसीए, ॲसिटिक आम्ल, ब्रेटची संयुगं मोजून देतात. चौथी बाटली उघडू नका. किती नमुना लागेल ते आधी विचारा, तिसऱ्या बाटलीतली उरलेली वाइन छोट्या स्वच्छ काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून फ्रीजमध्ये ठेवा, बूच वेगळ्या पिशवीत. मग विकणाऱ्याशी बोला, अहवाल हातात घेऊन.